यंत्राला डावा हात हवा होता

गहू कापणाऱ्याकडे पाहताना नजर विळ्यावर जाते, पण निम्म्याहून अधिक काम डावा हात करत असतो. (डावखुऱ्यांनी हे उलटे वाचावे.) मूठभर ताटे गोळा करायची, बुडाशी घट्ट धरायची, किंचित ताणायची, हे त्याचे काम. मग विळा एका ओढीत ती कापतो. कापलेली मूठ खाली पडत नाही. ती डाव्या हातातच राहते, तिच्यात पुढच्या मुठीची भर पडते आणि कवळा भरला की सगळ्या ओंब्या एका अंगाला येतील असा तो सडावर ठेवला जातो. मागून येणारा त्याची पेंढी बांधतो.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड आणि अमेरिकेतल्या कारागिरांनी घोड्यांनी चालणारे कापणी यंत्र बनवायला घेतले, तेव्हा विळ्याची जागा घेणारे पाते त्यांना लवकर सापडले. डाव्या हाताची सगळी कामे यंत्राला शिकवायला मात्र पन्नास वर्षे गेली. या प्रकरणात त्या पन्नास वर्षांची हकिकत आहे.

गरज कशाची होती ते आधी पाहू. पिकलेला गहू थांबत नाही. दहाएक दिवसांत तो कापला नाही तर दाणे झडतात, पाऊस आला तर पीक आडवे होते. नांगरट आणि पेरणी महिनाभर रेंगाळली तरी चालते, कापणीचे तसे नाही. अमेरिकेत विळा मागे पडून लाकडी दातांची चौकट लावलेले लांब दांड्याचे कोयते आले होते. एक तगडा माणूस त्याने दिवसाला दोनेक एकर कापायचा आणि त्याच्या मागे पेंढ्या बांधणारा वेगळा लागायचा. इलिनॉयसारख्या प्रदेशात सपाट, काळी, सुपीक जमीन मैलोनमैल पडली होती आणि मजूर मिळत नव्हते. शेतकऱ्याने किती पेरायचे हे जमीन ठरवत नव्हती, जून-जुलैत किती हात मिळतील यावर ते ठरत होते.

कापणी यंत्राची कल्पना तशी जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने गॉल प्रांतातल्या एका गाडीचे वर्णन केले आहे: पुढच्या कडेला दात असलेली पेटी, ती मागून ढकलणारे जनावर, आणि दातांत अडकून तुटून पेटीत पडणाऱ्या ओंब्या. बेल्जियममधल्या ब्युझनॉल येथे 1958 मध्ये या गाडीचे दगडात कोरलेले शिल्पही सापडले. पण ती गाडी फक्त ओंब्या ओरबाडायची, काड शेतातच उभे राहायचे. गोठ्यात अंथरायला आणि छपरावर घालायला काड हवे असणाऱ्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

काडासकट कापायचे म्हटले की खरी अडचण पुढे येते. गव्हाचे ताट हलके, पोकळ आणि फक्त खालून रोवलेले असते. पाते सावकाश आले तर ते कापले न जाता वाकते आणि पात्याखालून निसटते. मग दोनच वाटा उरतात. एक तर पाते इतक्या वेगाने यायला हवे की ताटाला वाकायला सवड मिळू नये. लांब दांड्याचा कोयता झोकात फिरवणारा माणूस हेच करतो. नाहीतर ताट कोणीतरी धरून ठेवायला हवे. सुरुवातीच्या इंग्रज आणि स्कॉटिश कारागिरांनी पहिली वाट धरली. डीन्स्टनच्या जेम्स स्मिथने 1811 च्या सुमारास एक मोठे पिंप उभे फिरत ठेवून त्याच्या तळाशी गोल पाते बसवले. पण घोडा चालतो ताशी चार-पाच किलोमीटरने, आणि यंत्राची सगळी शक्ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकातून यायची. तेवढ्यातून गोल पात्याला पुरेसा वेग द्यायचा, तोही ढेकळांतून, हे त्या काळच्या ओतीव गिअरना पेलणारे नव्हते.

दुसरी वाट पहिल्यांदा नीट चोखाळली ती पॅट्रिक बेलने. हा स्कॉटलंडमधल्या ऑक्टरहाउस गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, धर्मशास्त्राचा विद्यार्थी, पुढे पाद्री झाला. कुंपणाच्या झुडपात खोचून ठेवलेली माळ्याची कात्री पाहून त्याला कल्पना सुचली असे तो सांगे. कात्रीत एक पाते धरते आणि दुसरे कापते, म्हणजे धरण्याचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. बेलने अशा कात्र्यांची रांगच यंत्राच्या पुढे लावली. यंत्र तयार झाल्यावर त्याने कोठारात माती पसरली, त्यात ओटची ताटे एकेक करून रोवली, दारे लावून घेतली आणि स्वतः ते यंत्र ढकलत नेले. ताटे कापली गेली, पण कशीही अस्ताव्यस्त पडली. म्हणून त्याने कात्र्यांच्या मागे सरकते कापड बसवले. कापलेले पीक त्यावर पडून एका बाजूला ओळीने टाकले जाई. पीक आत ओढणारा फिरता रहाटही त्याने लावला. 1828 मध्ये लोकांच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून भावाला घेऊन त्याने रात्रीच्या वेळी हे यंत्र शेतात चालवले आणि ते चालले.

माझ्या मते या सगळ्या मालिकेत सर्वांत स्वतंत्र डोके बेलचे. धरणे, ओढणे, बाजूला ठेवणे ही डाव्या हाताची तीन कामे त्याने एकाच यंत्रात बसवली. पण घोडे मागून जुंपलेले असल्यामुळे यंत्र वळवणे अवघड, कात्र्यांचे खिळे झिजले की पाती एकमेकांना घासेनात, आणि गावच्या लोहाराला ते जुळवता येईना. शिवाय स्कॉटलंडमध्ये हंगामात बाहेरून मजूर स्वस्तात येत होते. सर्वांना मोफत वापरता यावे म्हणून बेलने पेटंट घेतले नाही. याचा परिणाम असा झाला की ते सुधारण्यात कोणाचाच पैसा गुंतला नाही. उतारवयात शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला 1,000 पौंड दिले, त्यानंतर लवकरच तो वारला.

आता अमेरिका. व्हर्जिनियातल्या रॉकब्रिज कौंटीत रॉबर्ट मॅकॉर्मिक नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे कापणी यंत्राचा नाद केला आणि शेवटी सोडून दिला. त्याच्या सायरस या मुलाने, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते काम हाती घेतले. घरच्या लोहारशाळेत त्याच्या जोडीला जो अँडरसन होता. हा मॅकॉर्मिक कुटुंबाच्या मालकीचा गुलाम. पेटंटवर त्याचे नाव नाही, असण्याची शक्यताही नव्हती. पण घण कोणी मारला याचा हिशेब लावायचा तर ते नाव गाळता येत नाही. 1831 च्या उन्हाळ्यात स्टील्स टॅव्हर्न या गावाजवळ त्यांनी यंत्र चालवून दाखवले. एका दुपारात सुमारे 6 एकर ओट कापले गेले असे सांगतात.

मॅकॉर्मिकच्या यंत्रात घोडा पुढे होता, पण कापणारी पट्टी त्याच्या मागे नसून उजव्या बाजूला बाहेर काढलेली होती. घोडा कापलेल्या सडावरून चालायचा आणि शेजारच्या उभ्या पिकात पाते शिरायचे. त्यामुळे पीक तुडवले जात नसे. एकाच मोठ्या चाकावर यंत्राचा भार होता. ते चाक फिरले की गिअर, गिअरवरून क्रँक, आणि क्रँकला जोडलेला दांडा पात्याला आडवे मागेपुढे हलवी. पात्यापुढे बोटे होती, म्हणजे ताटे रेटली जाताना त्यांना अडवणारे टोकदार आधार. वर फिरणारा रील पीक पात्याकडे झुकवायचा. कडेला एक फाळका आता कापायचे पीक आणि पुढच्या फेरीचे पीक वेगळे करायचा. कापलेले सगळे मागच्या फळ्यांच्या प्लॅटफॉर्मवर पडायचे आणि शेजारून चालणारा माणूस दाताळ्याने ते खाली ओढायचा.

यांतला एकही भाग पूर्णपणे नवा होता असे म्हणता येणार नाही. त्यांची जुळणी नवी होती. पाते हा तर सगळ्यांत कच्चा दुवा होता. सरळ पट्टीला बारीक दाते पाडलेले ते पाते ओलसर काडात गुंतायचे. 1834 मध्ये पेटंट घेऊनही मॅकॉर्मिकने अनेक वर्षे यंत्रे विकायचे फारसे मनावर घेतले नाही. 1842 मध्ये 7, 1843 मध्ये 29, 1844 मध्ये 50 अशी विक्री झाली.

पात्याचे उत्तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याने आधीच शोधून ठेवले होते. ओबेड हसी हा एका डोळ्याने अधू, पूर्वी समुद्रावर दिवस काढलेला, अबोल माणूस. त्याने 1833 च्या जुलैत ओहायोमध्ये आपले यंत्र चालवून दाखवले आणि त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला, म्हणजे मॅकॉर्मिकच्या आधी, पेटंट घेतले. त्याचा कापण्याचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. एका लोखंडी पट्टीवर पोलादाचे त्रिकोणी तुकडे शेजारी शेजारी रिव्हेट मारून बसवलेले, प्रत्येकाच्या दोन्ही कडांना धार. पट्टीच्या पुढे बोटांची रांग. प्रत्येक बोटाला आडवी खाच, आणि त्रिकोणी पाती त्या खाचांतून सरकणारी. यंत्र पुढे जाताना ताटे दोन बोटांच्या मधल्या जागेत येतात. पाते सरकते आणि ताटाला बोटाच्या कडेवर दाबते. बोट खाचेचे असल्यामुळे ताटाला पात्याच्या वरून आणि खालून असा दोन्हीकडून आधार मिळतो. त्याला वाकायला जागाच उरत नाही. कात्रीसारखे कापले जाते, पण झिजणारा खिळा नाही. एखादा त्रिकोण मोडला तर शेतकरी बांधावर बसून दोन रिव्हेट उडवायचा आणि नवा तुकडा ठोकायचा.

एक खोड उरली होती. खाचेत भुसा आणि ओले गवत साचून पाते अडकायचे. 1847 मध्ये हसीने दुसरे पेटंट घेतले. त्यात बोटाची खाच मागच्या बाजूला वरून उघडी ठेवली होती, म्हणजे आत गेलेला कचरा आपोआप बाहेर ढकलला जाई. एवढ्याशा बदलाने ती पट्टी दिवसभर न अडता चालू लागली. गव्हाच्या हंगामात पंजाबातून महाराष्ट्रात येणाऱ्या कम्बाइन हार्वेस्टरच्या तोंडाशी वाकून पाहिले तर हेच त्रिकोण आणि हीच बोटे दिसतात, वर मॅकॉर्मिकने लावला होता तसा रील.

मग हसीचे नाव का राहिले नाही? त्याच्या यंत्राला रील नव्हता, म्हणून झुकलेल्या पिकात ते अडायचे आणि घोडे जरा मंदावले की पाते थबकायचे. दुसऱ्यांच्या सुधारणा आपल्या यंत्रात घ्यायला तो नाखूश असे. मॅकॉर्मिकला तसला संकोच नव्हता. 1845 च्या पेटंटात त्याने पात्याचे दाते उलटसुलट दिशेने पाडले आणि बोटे भाल्याच्या फाळासारखी केली. 1847 मध्ये दाताळेवाल्याला यंत्रावरच बसायला जागा केली. त्याच वर्षी तो व्हर्जिनिया सोडून शिकागोला गेला, जिथे गहू होता, रेल्वे येत होती आणि सरोवरातून बोटी लागत होत्या. यंत्राची किंमत सुमारे 120 डॉलर. थोडी रक्कम आधी, बाकी पीक विकल्यावर. सोबत लेखी हमी, गावोगावी एजंट, सुटे भाग. शेतीचे यंत्र हप्त्यांवर विकण्याची रीत रुळवण्यात त्याचा वाटा मोठा, आणि ती माझ्या मते त्याच्या पात्यापेक्षा मोठी सुधारणा. 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात इंग्रजी वर्तमानपत्राने या बेढब यंत्राची टर उडवली, पण शेतात चाचणी झाल्यावर त्यालाच मोठे पदक मिळाले. मग इंग्रजांना आपल्या बेलची आठवण झाली आणि बेव्हर्लीच्या क्रॉसकिल कारखान्याने त्याचे यंत्र नव्याने काढले.

मॅकॉर्मिकच्या पेटंटाची मुदत वाढवून द्यायला 1848 मध्ये नकार मिळाला आणि डझनावारी कारखाने उभे राहिले. त्याने कोर्टकज्जे केले. रॉकफर्डच्या जॉन मॅनीविरुद्धच्या खटल्यात मॅनीच्या बाजूने नेमलेल्या वकिलांत इलिनॉयचा अब्राहम लिंकन होता. 1855 मध्ये सिनसिनाटीत सुनावणी झाली तेव्हा एडविन स्टँटन या बड्या वकिलाने त्याला बोलूही दिले नाही. लिंकनने पुढे याच स्टँटनला युद्धमंत्री केले. खटला मॅकॉर्मिक हरला.

चाकांच्या रचनेतही एक गोष्ट घडली. सगळा भार एका चाकावर आणि पाते एका बाजूला बाहेर, यामुळे यंत्र सतत पिकाच्या बाजूला ओढले जाई आणि घोड्यांच्या मानेला जूचा काच बसे. पुढे दोन चाकांची यंत्रे आली. ओहायोतल्या कँटनच्या कारखान्यात लुइस मिलरने पात्याची पट्टी बिजागरीने जोडली, त्यामुळे ती जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे स्वतः वरखाली होऊ लागली. हा मिलर पुढे थॉमस एडिसनचा सासरा झाला.

एव्हाना कापणे इतके झपाट्याने होऊ लागले होते की मागची माणसे कमी पडू लागली. प्लॅटफॉर्मवरून पीक ओढणारा दिवसभर दाताळे मारून थकायचा. इलिनॉयमधल्या जीअरम अॅटकिन्स या अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या गिरणी-कारागिराने पडल्यापडल्या एक लोखंडी हात आखला. तो ठरावीक वेळाने प्लॅटफॉर्मवर पुढे यायचा, पीक कवेत घ्यायचा, वळायचा आणि जमिनीवर ठेवायचा. 1852 च्या सुमारास लोक ते पाहायला गर्दी करत. ते यंत्र फार टिकले नाही, कच्च्या लाकडाने घात केला असे म्हणतात, पण फिरत्या दाताळ्यांची साधी रचना इतरांनी काढली आणि एक माणूस कमी झाला.

उरले पेंढ्या बांधणारे. त्यांची संख्या सर्वांत जास्त, आणि दिवसभर वाकून काम. 1858 मध्ये इलिनॉयच्या चार्ल्स आणि विल्यम मार्श या भावांनी त्यांना यंत्रावरच उभे केले. कापलेले पीक सरकत्या कापडावरून चाकाच्या वर चढवायचे आणि टेबलावर आणून टाकायचे. दोन माणसांनी उभ्या उभ्या पेंढ्या बांधून खाली टाकायच्या. चालणे गेले, वाकणे गेले. यात बांधण्याची नवी युक्ती कोणतीच नव्हती, पण पीक आता एका जागी, एकाच दिशेने, सतत येत होते. बांधणारे यंत्र आले तर कुठे बसवायचे, हे ठरून गेले. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात शेतातले तरुण सैन्यात गेले आणि या सगळ्या यंत्रांचा खप वाढला.

पहिली बांधणी तारेची. वॉल्टर वुडच्या कारखान्याने 1873 मध्ये तारेचा बाइंडर बाजारात आणला. जेन्सव्हिलच्या चार्ल्स विदिंग्टन या घड्याळजीचे यंत्र मॅकॉर्मिकने घेतले. तारेला पीळ देणे सोपे, म्हणून ते आधी जमले. पण मळणीनंतर तारेचे तुकडे काडात राहायचे, गुरांच्या पोटात जायचे, पिठाच्या गिरणीत सापडायचे. शेतकऱ्यांनी कुरकुर सुरू केली. दोर हवा होता, आणि दोराला गाठ लागते. माणूस ती दोन्ही हातांची दहा बोटे वापरून मारतो.

गाठ मारणारा आकडा 1864 मध्ये रॉकफर्डच्या जेकब बेहेलने पेटंट केला होता. तो खात्रीने चालणाऱ्या यंत्रात बसवला जॉन अॅपलबीने. विस्कॉन्सिनमध्ये शेतावर वाढलेल्या या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षी गाठ मारण्याचा विचार सुरू केला होता, मध्ये युद्धात शिपाईगिरी केली, आणि वीस वर्षांनी, 1878 च्या सुमारास, त्याचे यंत्र पक्के झाले. ते असे चालते: पीक टेबलावर दाबत आणले जाते. पुरेसा गठ्ठा झाला की त्याच्या दाबाने एक खिट्टी सुटते आणि तोवर स्वस्थ असलेला सगळा गाडा एकच फेरा घेतो. खालून बाकदार सुई दोर घेऊन गठ्ठ्याला वळसा घालत वर येते. दोराचे एक टोक वर आधीपासून धरलेले असते. आता दोन्ही पदर शेजारी शेजारी आकड्यावर आडवे पडतात. हा आकडा पक्ष्याच्या चोचीसारखा असतो, वरची चोच उघडणारी. तो स्वतःभोवती एकदा फिरतो, दोराचा फास त्याच्या मानेवर चढतो. फेरा संपता संपता चोच उघडते आणि दोन्ही पदर पकडते. सुरी दोर कापते. त्याच क्षणी मागचे दांडे पेंढी बाहेर ढकलतात. त्या झटक्याने फास मानेवरून सरकून चोचीत धरलेल्या टोकांवरून उतरतो आणि गाठ बसते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

विल्यम डीअरिंग या कारखानदाराने सगळे पैसे या यंत्रावर लावले आणि 1880 मध्ये असे 3,000 बाइंडर विकले. त्याला अडचण आली ती वेगळीच. साधी सुतळी कुठे जाड कुठे बारीक, ती आकड्यात अडायची. सारख्या जाडीचा एकपदरी दोर फिलाडेल्फियाच्या एडविन फिटलरने मनिला धाग्यापासून करून दिला. पुढे मेक्सिकोतल्या युकातानमधले घायपाताच्या जातीचे हेनेकेन त्यासाठी आले, आणि तिथली मैलोनमैल जमीन अमेरिकेच्या पेंढ्या बांधण्यासाठी त्या लागवडीखाली गेली. तिथल्या मळ्यांवर कर्जात जखडलेल्या मजुरांचे जे हाल झाले, त्यांची किंमत बाइंडरच्या हिशेबात कोणी धरली नाही. मॅकॉर्मिकनेही लवकरच अॅपलबीचा परवाना घेतला. 1902 मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कंपन्या एक होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर निघाली. 1963 मध्ये महिंद्रा कंपनीने याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. जुन्या शेतकऱ्यांना बी-275 आठवत असेल.

बाइंडर आता वस्तुसंग्रहालयात गेले, पण अॅपलबीची गाठ गेली नाही. काडाच्या चौकोनी गासड्या दोराने बांधणाऱ्या बेलरमध्ये आजही तोच चोचीचा आकडा असतो. तुमच्या भागात असा बेलर आला तर ट्रॅक्टर बंद करायला सांगा, गिअर हाताने फिरवायला सांगा, आणि गाठ बसताना सावकाश पाहा. चालू यंत्रात मात्र वाकू नका.